कुंकू लागलेली कडी

मामा नळ कोपराने बंद करायचे. लाल कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात घासून धुवायचे आणि धुतलेल्या हाताने पुन्हा नळाला शिवायचं नाही, म्हणून तोटीला त्यांनी लोखंडी पट्टीचा एक लांब दांडा जोडून घेतला होता. तो कोपराने ढकलायचा आणि दोन्ही हात वर धरून, पाणी निथळत, इन्स्पेक्शनच्या खोलीत शिरायचं. नव्या माणसाला वाटायचं, आत कोणाचं तरी पोट फाडायचं आहे.

आत पाहायला गेलं तर काय? लेथवरून उतरलेली एक कडी. अंगठ्यात घालता येईल एवढी. मामा ती मलमलच्या तुकड्यावर घेऊन खिडकीच्या उजेडात फिरवत बसायचे. अर्धा तास, कधी पाऊण तास. "मामा, झालं का?" असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं.

"घाई करू नगा. हे आपलं न्हवं. आपल्याकडं आलंय."

"आपलं नाही तर कोणाचं?" असं मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.

"द्येसाचं," मामा म्हणाले. शेजारच्या बिऱ्हाडाचं पातेलं परत द्यायचं आहे, अशा सुरात. मला तेव्हा हसू आलं होतं.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या मालकांचा एक गाळा होता. चार लेथ, एक ग्राइंडिंग मशीन आणि चौदा माणसं. मी त्यातली चौदावी. टायपिंग, टेलिफोन, माल आल्यागेल्याची नोंद आणि मालक चिडले की त्यांना शांत करणं, अशी माझी कामं. लग्नानंतर मी गिरगावातून ऐरोलीला राहायला आले होते. तिथे तेव्हा इमारती कमी आणि चिखल जास्त होता. नोकरी हवी होती म्हणून धरली, त्यात देशाचा काही संबंध नव्हता.

रोजचं काम दुधाच्या डेअरीतल्या पंपांचे बुश, म्हणजे धातूच्या आखूड नळ्या, बनवायचं. वर्षातून एखाददुसऱ्या वेळेला मात्र सरकारच्या अवकाश खात्याचं काम यायचं. लांबलचक ड्रॉइंग, त्यावर नुसता नंबर. एवढंच कळायचं, की ही कडी रॉकेटच्या इंजिनातला गॅस गळू नये म्हणून बसवतात. कुठे बसवतात, कधी बसवतात, ते विचारायचं नाही. दहा-बारा कड्या मागवायचे. त्या दहा-बारा कड्यांसाठी मामा महिनाभर जेवणावर चित्त नसल्यासारखे वागायचे.

मामा साताऱ्याकडचे. माल तपासायचं काम त्यांचं, आणि सगळा गाळाच त्यांना मामा म्हणायचा. शिक्षण सातवी. तळवली गावात एका आगरी आजींच्या घराची मागची खोली भाड्याने घेऊन राहायचे आणि सायकलने पावण्याला यायचे. बायको-मुलं गावाकडे. इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं, पण ड्रॉइंग वाचायचे ते आपण पेपर वाचतो तसं. कडीवरून अंगठ्याचं नख फिरवून एकदा म्हणाले, "वरखडा हाय." मालकांनी भिंग लावलं, काही दिसलं नाही. दुसरं मोठं भिंग शेजारच्या गाळ्यातून आणलं, तेव्हा केसाएवढी रेघ दिसली. मालकांनी भिंग ठेवलं आणि कडी भंगारात टाकली.

त्या खोलीत जाण्याचे त्यांचे नियम तुम्ही ऐकलेत तर तुम्हालाही राग येईल. चप्पल बाहेर, घड्याळ बाहेर. सुपारी तोंडात आहे म्हणून खुद्द मालकांना त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. एकदा मी रिपोर्टवर सही घ्यायला आत गेले, तर मान वर न करता म्हणाले, "मॅडम, तुमी पावडर लावलीया. भाईर."

सगळ्यांसमोर. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर गावाकडच्या शेंगा आणून ठेवल्या. असं आमचं भांडण मिटलं.

एकदा त्यांची बायको गावाहून आली होती, तेव्हा मी तळवलीला त्यांच्या खोलीवर गेले. ओटीवर घरमालकीण आजी मासळी निवडत बसल्या होत्या. मला पाहून मामांना म्हणाल्या, "ही तुमच्या कंपनीतली बाय? मंग हिला तरी ठाव आसंल, तुमचा बान कवा उरनार हाय?"

बान म्हणजे रॉकेट, आणि ते उडणार हे अख्ख्या आळीला माहीत होतं. मामांची कडी रॉकेटच्या अगदी वरच्या टोकाला बसते, हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं. हे मामांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनीच ठरवलं होतं. "वर गॅसचा जोर लय," असं ते आजींना समजावून सांगत होते. मला हसू यायला हवं होतं. पण खरं सांगते, त्यानंतर मीही आमच्या सोसायटीत तेच सांगू लागले.

त्या वर्षीचा दसरा आठवतो. कारखान्यात यंत्रांची पूजा असते हे तुम्हाला माहीत आहेच. लेथला झेंडूच्या माळा, हत्यारांवर हळदकुंकू, दारात माझी रांगोळी. पूजेचा मान मामांचा. अवकाश खात्याच्या बारा कड्या तेव्हा तयार होत्या. तीन वेळा धुऊन, वाळवून, प्रत्येक कडी वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवीचं तोंड करवतीच्या पात्यावर दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीवरून ओढलं की ते चिकटून बंद होतं. ते कामही मामाच करत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डबा रवाना झाला. मी पोचपावती फाइलला लावली आणि विसरून गेले.

रॉकेट सुटायची बातमी आली ती बऱ्याच महिन्यांनी. मालकांनी घरचा टीव्ही गाळ्यात आणला. शेजारच्या गाळ्यांतली माणसंही आली. लेथ बंद ठेवले होते. मामा टीव्ही बघायलासुद्धा हात धुऊन आले आणि मागे भिंतीपाशी उभे राहिले.

रॉकेट उठलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी शिट्टी मारली. मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आपली कडी चालली बघा." पुढची काही मिनिटं सगळं छान चाललं होतं. मग टीव्हीवर बोलणाऱ्या माणसाचा आवाज बदलला. चित्र एकदम आतल्या हॉलवर गेलं. तिथे एक वयस्क शास्त्रज्ञ चष्मा काढून नुसते बसले होते. आम्हाला काही कळेना. कोणीतरी टीव्हीचा आवाज मोठा केला, जणू कमी ऐकू येतंय म्हणून कळत नव्हतं. मग तो माणूस स्पष्ट बोलला. रॉकेट समुद्रात पडलं होतं.

गाळ्यात तीस-पस्तीस माणसं होती. एकही हललं नाही. मला रॉकेटमधलं काय कळत होतं? पण घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. मी मागे वळून पाहिलं तर भिंतीपाशी मामा नव्हते. सायकलही नव्हती.

दोन दिवस ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी सरळ माझ्या टेबलापाशी आले. दाढी वाढलेली.

"मॅडम, एक कागद टाइप करा."

"रजेचा अर्ज?"

"न्हाय. ते माज्या हातानं पडलं. खात्याला कळवायचंय."

मला वाटलं, दोन दिवस जेवले नाहीत म्हणून डोकं फिरलंय. मी त्यांना बसवलं, चहा मागवला. चहा तसाच ठेवून ते सांगू लागले. दसऱ्याला पूजा झाल्यावर सगळे घरी गेले, ते एकटे मागे राहिले. "मशिनींला कुंकू लावलं. कानशीला, छिन्नीला लावलं. आनि जे खरं आभाळात जायचं, त्यालाच न्हाय? मन लागंना." त्यांनी एक पिशवी फोडली. करंगळीने कडीच्या कडेला कुंकवाचा ठिपका लावला, हात जोडले आणि मेणबत्तीवर पिशवी पुन्हा बंद केली.

मी टाइपरायटरवरचे हात काढून मांडीवर ठेवले. ज्या माणसाने मालकांना सुपारीसाठी हाकललं, त्याने? त्या कडीला बोटाचा घामसुद्धा लागू नये, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"मामा, मला पावडरसाठी बाहेर काढलंत तुम्ही!" माझ्या तोंडून एवढंच निघालं. तेही ओरडून.

"व्हय," ते म्हणाले. "काढलं."

माझा आवाज ऐकून मालक आले. सगळं ऐकल्यावर ते खुर्चीत बसलेच. मग म्हणाले, "मामा, हे पत्र गेलं की काम गेलं. उद्यापासून आपल्याला कोणी पंपाचा बुशसुद्धा देणार नाही. चौदा घरं आहेत इथे."

"आनि ते उभं करायला किती घरं लागली असतील, मालक? त्यास्नी कळाया नगं, कशानं पडलं? न्हाय कळलं तर दुसरीकडंच हुडकत बसतील. पुना पडंल."

मी तोवर टाइप केलं होतं, चार ओळींचं पत्र. मालकांनी वरचा कागद मशीनमधून ओढून काढला, फाडला आणि निघून गेले. त्यांनाही मी दोष देत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मामा पुन्हा आले. हळूच म्हणाले, "खाली कार्बन लावला असंल की तुमी."

लावला होता. सवयच तशी. मालक गेल्यावर खालची कार्बन कॉपी मी मशीनमधून काढून खणात ठेवली होती. मामांनी तिच्यावर सही केली, मोठ्या, सुट्या अक्षरांत. संध्याकाळी घरी जाताना मी ते पत्र पोस्टात टाकलं. माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही. तेरा माणसांची पोटं मी एका पाकिटात घालून पाठवली होती.

त्यानंतर महिनाभर मामा इन्स्पेक्शनच्या खोलीत गेले नाहीत. हातात ब्रश घेऊन लेथखालचा लोखंडाचा बुरा झाडत राहायचे. मालक "तब्येत बरी नाही का?" म्हणायचे, मामा "बरी हाय" म्हणायचे. तपासायचा माल खोलीत साठत गेला. मग एक दिवस फोन आला, खात्याचे अधिकारी भेटायला येत आहेत. मालकांनी रिसीव्हर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी टेबलावरची फाइल उगाच सरळ केली. मग म्हणाले, "संडास साफ करून घ्या."

अधिकारी दक्षिणेतले होते. बारीक अंगाचे, पायात साध्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. इन्स्पेक्शनच्या खोलीबाहेर त्यांनी आपणहून चपला काढल्या. मामांना खुर्ची दिली तरी ते दारातच उभे राहिले. साहेब इंग्रजीत बोलायचे आणि मी मराठीत सांगायचं, असं ठरलं.

साहेब म्हणाले, चौकशी झाली आहे. बिघाडाचं कारण सापडलं. ते वेगळंच आहे, कुठल्याच कारखान्याच्या सुट्या भागाचा त्यात दोष नाही.

मी सांगितलं. मामांनी दाराची चौकट धरली. मालकांनी रुमाल काढून चेहरा पुसला.

साहेब पुढे म्हणाले, तो लाल ठिपका आम्ही पाहिला होता. आलेला प्रत्येक भाग आमच्याकडे पुन्हा धुतात. देशभरातल्या लहानमोठ्या कारखान्यांतून डबे येतात. कोणात हळद असते, कोणात तांदळाचे दाणे, एकदा तुळशीचं पान निघालं होतं. धुणाऱ्या बायकांना आता त्याचं काही वाटत नाही. पण आपणहून पत्र लिहिणारे हे पहिलेच.

"समदेच घालत्यात?" मामा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू येऊ घातलं होतं.

ते पाहून साहेबांना हुरूप आला. मामांच्या मनावर उरलासुरला भार राहू नये, म्हणून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. म्हणाले, आणि तसंही, या गाळ्यातल्या कड्या वर जातच नाहीत. त्या जमिनीवरच्या चाचणीच्या इंजिनांत घालतात. मोडेपर्यंत ताणतात, तापवतात. ते इंजिन तिथेच जळतं.

मी थांबले. मालकांना इंग्रजी कळत होतं, ते खाली बघू लागले.

"काय म्हनत्यात?" मामांनी विचारलं.

मी काहीही सांगू शकले असते. 'तुमचं कौतुक करतायत' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण ज्या माणसाने स्वतःचा गुन्हा माझ्याकडून टाइप करून घेतला, त्याच्याशी खोटं बोलायला जीभ वळेना. मी सांगितलं, शब्द न् शब्द.

"एकबी न्हाय?" मामा म्हणाले.

मी साहेबांना विचारलं. इतक्या वर्षांत एकही नाही.

मामांनी चौकट सोडली. मी त्यांचा चेहरा रॉकेट पडलं त्या घटकेला पाहिला नव्हता, तो आता पाहिला. महिनाभर हा माणूस पापाच्या ओझ्याखाली वाकला होता. ते ओझं उतरलं तर तो ताठ व्हायला हवा होता की नाही? उलट होतं तेवढं बळही गेलं. गुन्हेगार असताना निदान ते त्या रॉकेटमध्ये होते. आता कुठेच नव्हते. मला त्या भल्या साहेबांचा इतका राग आला, की त्यांच्या पुढ्यातला चहाचा कप मी अर्धा भरलेलाच उचलला.

साहेबांच्या लक्षात आलं. ते उठून मामांजवळ गेले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत काही सांगू लागले, की इधर नहीं टूटेगा तो उपर का कैसे मालूम पड़ेगा. मामा "हां साब, हां साब" म्हणत मान डोलवत राहिले. साहेब गेल्यावर त्यांनी ब्रश उचलला आणि तिसऱ्या लेथखालचा बुरा झाडायला घेतला.

तळवलीच्या आजींनाही त्यांनी त्याच दिवशी सांगून टाकलं, आमची कडी वर जात नाही, खालीच मोडतात. हे मला मामांनीच सांगितलं. आजी म्हणाल्या होत्या, "मंग मोरायलाच करताव?" आणि मोडायलाच का करता, याचं उत्तर मामांना देता आलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी खात्याचं नवं काम आलं. मला वाटलं होतं, मामा नाही म्हणतील. त्यांनी हात धुतले आणि आत गेले. दुपारी बाहेर येऊन एक कडी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "रिजेक लिहा. वरखडा हाय."

मी मूर्खासारखी बोलून गेले, "मामा, मोडायचीच आहे ना ती?"

ते रागावले नाहीत. पोराला हिशेब समजवावा तसं म्हणाले, "मोडायची हाय म्हनून तर. वरखडा असला तर वरखड्यानंच मोडंल. मंग त्यास्नी काय कळायचं?" खोलीकडे वळता वळता म्हणाले, "लय इचार केला मी ह्याचा." त्या खेपेच्या कड्यांना त्यांनी कुंकू लावलं की नाही, ते मी विचारलं नाही.

पुढचं रॉकेट सुटायच्या आदल्या दिवशी ते रजा घेऊन गावाला गेले. "मला बघवायचं न्हाय," म्हणाले. आम्ही पुन्हा टीव्ही लावला. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, शिट्टी मारली नाही. मिनिटं मोजत सगळे उभे होते. आणि ते गेलं. खरंच गेलं. त्या हॉलमधली माणसं एकमेकांना मिठ्या मारायला लागली, तेव्हा आमच्या गाळ्यातही तेच सुरू झालं. मालक लेथवाल्यांच्या गळ्यात पडून रडत होते. मी टेलिफोनकडे धावले.

मामांच्या गावात एका किराणा दुकानात फोन होता. लागायला बराच वेळ लागला. दुकानदार म्हणाला, मामा समोरच्या पारावर बसलेत, पण फोनला येत नाहीत, आधी पडलं का ते विचारा म्हणतात.

"नाही पडलं!" मी ओरडले. "सांगा त्यांना, वर पोचलं."

दुकानदाराने हाक मारून सांगितलेलं मला ऐकू आलं. मग काहीच ऐकू येईना. मग रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला आणि मामांचा श्वास.

"मॅडम," ते म्हणाले. "म्हंजी आपली मोडली, ती कामाला आली म्हनायची?"

मला हो म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं तरी आवाज फुटेना. मागे गाळ्यात आरडाओरडा चालला होता. मामा पलीकडून दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाले. आणि लाइन गेली.

संध्याकाळपर्यंत मी नंबर फिरवत राहिले, लागला नाही. म्हटलं, सोमवारी हजर होतीलच, तेव्हा समोर बसवून सांगू. सोमवारी सकाळी तार आली. मालकांनी ती वाचली आणि माझ्या हातात दिली. मामा रविवारी पहाटे झोपेतच गेले होते.

मी तार दोनदा वाचली. मग मी उठून नळापाशी गेले, कोणी नव्हतं तिथे, आणि मोठ्याने म्हटलं, "हो."